भिंत आधी, पाणी नंतर

प्रकल्प व्यवस्थापनावरची पुस्तके बहुधा पुलाच्या किंवा इमारतीच्या उदाहरणाने सुरू होतात. पाया, खांब, तुळया, स्लॅब; एकामागून एक कामे, मधे बाणांच्या रेघा आणि शेवटी चावी हातात देण्याचा दिवस. विषय शिकवायला हे सोयीचे पडते. पण महाराष्ट्रातल्या तरुण अभियंत्याच्या वाट्याला असे सुटसुटीत काम क्वचितच येते. त्याला मिळतो कालव्याचा किलोमीटर 14 ते 19 एवढा तुकडा. मागचा तुकडा दुसऱ्या उपविभागाकडे असतो, पुढच्या तुकड्याची जमीन सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याच्याच नावे असते आणि मधल्या नाल्यावरच्या जलसेतूचे संकल्पचित्र नाशिकच्या कार्यालयातून यायचे असते. म्हणून या पुस्तकाच्या प्रस्तावनेसाठी उदाहरण निवडताना मी पूल आणि इमारती बाजूला ठेवल्या आणि भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले गोसे धरण घेतले.

सरकारी कागदावर त्याचे नाव गोसीखुर्द राष्ट्रीय प्रकल्प, जलाशयाचे नाव इंदिरासागर. परिसरातले लोक नुसते ‘गोसे’ म्हणतात. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा भंडारा शहराला वळसा घालून, आंभोऱ्याजवळ कन्हानला पोटात घेऊन पवनीकडे येते, तिथे ती अडवली आहे. धरणाची लांबी 11.35 किलोमीटर. त्यातला बहुतेक भाग मातीचा, मधे काँक्रीटचा सांडवा आणि त्यावर 33 वक्राकार दरवाजे. एकूण साठा 1,146 दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त 740. डावा कालवा 23 किलोमीटरच्या आतबाहेरचा, उजवा 99 किलोमीटरचा, शिवाय टेकेपार, आंभोरा, मोखाबर्डी आणि नेरला अशा उपसा सिंचन योजना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आसोलामेंढा या इंग्रजी अमदानीतल्या तलावाची उंची वाढवून तोही याच साखळीत ओवला आहे. सगळे मिळून 2,50,800 हेक्टर भिजवायचे ठरले. त्यात चंद्रपूरचा वाटा 1 लाख 41 हजार हेक्टरांचा, भंडाऱ्याचा जवळपास 90 हजारांचा आणि नागपूरचा 19 हजारांचा.

1983 साली प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अंदाजपत्रक 372.22 कोटींचे होते. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला त्या सुमारास आकडा 7,777.85 कोटींवर होता आणि 2012-13 च्या दरसूचीने तो 18,494.57 कोटींवर गेला. मूळ आकड्याच्या जवळजवळ पन्नास पट. याच काळात देशातल्या घाऊक किमती दहा पटींनीही वाढल्या नव्हत्या. म्हणजे ‘महागाई वाढली, खर्च वाढला’ हे नेहमीचे उत्तर इथे फार तर पाचव्या हिश्शाला पुरते. उरलेले चार हिस्से कुठून आले, हा माझ्या मते प्रकल्प व्यवस्थापनाचा अभ्यास सुरू करण्यासाठी महाराष्ट्रातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

बहुतेकांकडे याचे उत्तर तयार असते: पैसे खाल्ले. ते उत्तर खोटे आहे असे मी म्हणणार नाही. 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दशकभरात राज्यातले सिंचित क्षेत्र 17.8 टक्क्यांवरून 17.9 टक्क्यांवर गेल्याची नोंद आली आणि गदारोळ उठला. नोव्हेंबर 2012 मध्ये श्वेतपत्रिका निघाली, डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले आणि पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गोसीखुर्दच्या निविदांवरून गुन्हेही दाखल केले. न्यायालयात जे व्हायचे ते होईल. पण ‘भ्रष्टाचार’ एवढे म्हणून वही मिटली तर अभियंत्याच्या हाती काही लागत नाही. चोरीला वाव कुठे मिळतो? काम अर्धवट आणि विखुरलेले असते, मोजमाप अवघड असते, आराखडा दर वर्षी बदलतो आणि पूर्ण झाले की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, अशा ठिकाणी. असा वाव कामांच्या क्रमातून तयार होतो आणि क्रम ठरवणे हे तर व्यवस्थापकाचेच काम.

गोसेमध्ये भिंत आधी झाली. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या धरणांचा हाच क्रम आहे, कारण भिंत सोपी असते. वाचकाला हे विधान उलटे वाटेल. अकरा किलोमीटरची भिंत, 33 दरवाजे, नदीच्या पात्रातली घळभरणी एका उन्हाळ्यात उरकायची शर्यत, यात सोपे काय? तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही. पण व्यवस्थापनाच्या दृष्टीने भिंत एका जागी असते. जमीन एकगठ्ठा लागते, यंत्रसामग्री एका तळावर राहते, कंत्राटदार मोजके असतात, फोटो चांगला येतो आणि मंत्र्यांना दाखवता येते. कालवा याच्या उलट. शेकडो गावांच्या शिवारांतून, हजारो गटांमधून, रस्ते, नाले, रेल्वे आणि जंगल ओलांडत तो जातो. कालव्यातून वितरिका, तिच्यातून लघुवितरिका आणि लघुवितरिकेतून शेतचारी. प्रत्येक पायरीला कामाचा आकार घटतो आणि कटकट वाढते. शेतचारीच्या भूमिपूजनाला कोणी येत नाही. आणि धानाच्या बांधीत पाणी तर तिच्यातूनच पडते.

भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, कारण त्याच्या जिल्ह्यात सिंचनाची दुसरी, जुनी रीत डोळ्यांसमोर आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून ‘मालगुजारी’ आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’, बोलीत मामा तलाव. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी काढून द्यायला सलंग. तलावाची जागा ठरवतानाच खालची कोणती बांधी भिजणार हे ठरलेले असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात मला रस नाही. ती मालगुजाराच्या धाकावर आणि वेठीच्या श्रमावर चालत होती आणि पाण्याचा पहिला हक्क कोणाचा हे जात आणि जमीन पाहून ठरत होते. पण व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी: तलाव बांधणारा, जमिनीचा मालक आणि पाणी वाटणारा तिथे एकच होता, किंवा एकाच गावातला होता. गोसेमध्ये ही तीन माणसे तीन खात्यांत बसतात आणि चौथा, म्हणजे शेतकरी, बाहेरच्या बाकावर.

जमिनीचे पाहा. बार चार्टवर ‘भूसंपादन’ ही एक आडवी पट्टी असते, सहा महिन्यांची, फार तर वर्षाची. प्रत्यक्षात ती हजारो पट्ट्या असतात. संयुक्त मोजणी, नोटीस, हरकती, निवाडा, वाढीव मोबदल्यासाठी न्यायालय आणि या प्रत्येक पायरीवर वारसांची भांडणे, चुकीची फेरफार नोंद, गावाबाहेर स्थायिक झालेला सहहिस्सेदार. पूर्व विदर्भात त्यावर आणखी एक गाठ आहे ती झुडपी जंगलाची. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींत जी जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिली गेली, तिथे आज झाड असो वा नसो, 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. कालवा दहा किलोमीटर खोदून तयार, मधले चारशे मीटर झुडपी, म्हणून पुढचे सगळे कोरडे, असे दृश्य या भागात नवलाचे नाही. पाठ्यपुस्तकातला ‘क्रिटिकल पाथ’ काँक्रीटमधून जातो. इथला तलाठ्याच्या दप्तरातून जातो, आणि ते दप्तर प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्याच्या अखत्यारीत नसते.

मग उरते हंगामाचे गणित. मृगाच्या पावसाने खोदकाम थांबते. पुढे रोवणी, आणि हलका धान दिवाळीच्या आसपास निघाला तरी भारी धानाची बांधी डिसेंबरपर्यंत ओली. उभ्या पिकातून पोकलेन नेता येत नाही. म्हणजे कालव्याच्या कामाला खरे हाती लागतात ते जानेवारी ते मेअखेरचे दिवस. त्यात मार्च हा बिलांचा महिना. आणि जिथे कालव्याचा वरचा भाग सुरू झाला आहे तिथे नेमके याच दिवसांत उन्हाळी धानासाठी पाणी सोडण्याची मागणी होते. पाणी सोडले तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती केली तर पाणी नाही. अर्धवट चालू असलेला प्रकल्प पूर्ण करणे हे नव्याने बांधण्यापेक्षा अवघड का असते, त्याचे कारण या एका ओढाताणीत सापडते. तरीही आपल्या वेळापत्रकांत वर्षाचे बारा महिने धरलेले असतात.

मातीचाही स्वभाव असतो. भंडाऱ्याचा शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावे देतो. यांतली कन्हार काळी, चिकण, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. अशा जमिनीत कालवा कोरून त्यावर थेट काँक्रीटचे अस्तर घातले तर पहिल्या दोन पावसाळ्यांत ते उचलले जाते. उपाय माहीत आहे: खाली न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा थर, तो पाणी मारून, दाबून, चाचणी घेऊन. हा थर अस्तराखाली झाकला जातो, म्हणून तो खरोखर किती जाडीचा घातला हे नंतर फोडल्याशिवाय कळत नाही. गोसेच्या डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला तडे गेले, चौकशी झाली आणि मोठ्या लांबीत ते फोडून पुन्हा करावे लागले. गुणवत्ता नियंत्रण हे व्यवस्थापनाच्या पुस्तकात नेहमी शेवटून दुसऱ्या प्रकरणात येते. या पुस्तकात ते मोजणीपुस्तकाच्या प्रकरणाला जोडून आले आहे, ते योग्यच झाले. झाकल्या जाणाऱ्या कामाची नोंद झाकण्याआधी कोण, कधी, कोणाच्या सहीने करतो, यावर सगळी गुणवत्ता उभी असते.

आता कागद. जलसंपदा खात्यात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला पहिल्या महिन्यात एक शब्द कानावर पडतो, ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. निवृत्तीपर्यंत तो शब्द त्याची पाठ सोडत नाही. बी-1 नमुन्यातल्या निविदेत कलम 38 असते: ठरलेल्या परिमाणापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त काम झाले तर त्या जादा कामाचा दर कसा काढायचा. आणि निविदेत नसलेली बाब आली की तिची जादा बाब दरसूची, खात्याच्या भाषेत ईआयआरएल. या दोन्ही तरतुदी मुळात शहाणपणाच्या आहेत. जमिनीखाली काय निघेल हे कोणालाच आधी पक्के माहीत नसते. पण सर्वेक्षण पुरते न करता, खडक कुठे लागेल हे न तपासता, जमीन हाती नसताना निविदा काढली, तर अपवादासाठी ठेवलेला दरवाजा हाच मुख्य रस्ता होतो. मूळ अंदाजपत्रक मग मान्यता मिळवण्यापुरते उरते. 372 कोटी हा आकडा पहिल्या दिवसापासूनच खरा नव्हता, असे आज म्हणायला हरकत नसावी. अशा प्रकल्पांचा जगभर अभ्यास केलेले डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग यांचेही सांगणे असेच आहे: दहांतले नऊ महाप्रकल्प खर्चाची मर्यादा ओलांडतात आणि त्याचे कारण पुष्कळदा दुर्दैव नसून सुरुवातीचा आकडा मुद्दाम किंवा आशेपोटी लहान दाखवणे हे असते. सुरू न झालेले काम अडवता येते, अर्धे झालेले अडवता येत नाही, हे सर्वांना कळते.

विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ 1997 च्या कायद्याने आले, पुढे राष्ट्रीय दर्जा आला, त्याबरोबर केंद्राचे 90 टक्के अनुदानाचे आश्वासन आले. त्याआधीची वीस वर्षे ‘निधी नाही’ हे कारण खरे होते. त्यानंतर पैसा जमिनीपेक्षा आणि नकाशांपेक्षा वेगाने येऊ लागला. पैसा मार्चअखेर खर्ची पडलाच पाहिजे, मग जमीन हाती असेल तिथे काम सुरू, सलग असो वा नसो. माझे मत विचाराल तर गोसेचे मोठे नुकसान निधीच्या दुष्काळाने झाले त्याहून या अवेळी आलेल्या पुराने अधिक झाले.

पुनर्वसनाबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण तांत्रिक पुस्तकांत त्याला ‘सामाजिक बाबी’ म्हणून एक परिच्छेद मिळतो. गोसेच्या जलाशयाची पूर्ण संचय पातळी 245.50 मीटर. भिंत आणि दरवाजे तयार असूनही पाणी तिथवर एकदम नेता आले नाही. बुडित गावे उठली नव्हती, म्हणून पातळी वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली. जितकी पातळी कमी तितका साठा कमी, तितके सिंचन कमी. म्हणजे पुनर्वसन हा दयेचा विषय बाजूला ठेवला तरी शुद्ध अभियांत्रिकी हिशेबात तो पाण्याचा विषय आहे. नव्या गावठाणात 18 नागरी सुविधा देण्याचे राज्याच्या कायद्यात लिहिले आहे: शाळा, रस्ते, गटारे, पाणी, स्मशानभूमी वगैरे. त्या यादीत रोजगार नाही. नदीकाठच्या ढिवर कुटुंबाचे घर नव्या ओट्यावर गेले, पण वाहत्या नदीतली त्याची मासेमारी जलाशयात तशीच चालत नाही. प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली तेव्हा कुठे 2013 मध्ये सुमारे 1,200 कोटींचे विशेष पॅकेज मंजूर झाले. भूमिपूजनाला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. हाच पैसा, किंवा त्याचा बराच लहान भाग, पहिल्या पाच वर्षांत दिला असता तर पाणी किती वर्षे आधी पूर्ण पातळीला गेले असते, हा हिशेब मी अजून कुठल्या अहवालात पाहिलेला नाही. या पुस्तकाच्या अभ्यासप्रश्नांत तो घालावा, अशी लेखकांना विनंती आहे.

याच जलाशयावर, आंभोऱ्याच्या संगमाजवळ, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा केबलचा देखणा पूल 2024 मध्ये खुला झाला. रविवारी तिथे गर्दी असते. पूल बांधणाऱ्यांचे कौतुक आहेच, पण पुलाला एक फायदा जन्मजात असतो: तो अर्धा उपयोगी पडत नाही. मधला एक गाळा राहिला तरी सगळे हसतात. कालवा मात्र कुठेही थांबला तरी तिथवर ‘पूर्ण’ म्हणवून घेऊ शकतो आणि ‘निर्मित सिंचन क्षमता’ या रकान्यात त्याचे हेक्टर चढतात. प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र हा वेगळा रकाना, आणि दोन्हींतला फरक वाचायची सवय प्रगती अहवाल तयार करणाऱ्यांनाच नसते.

प्रगती अहवालांवरून आठवले. या विषयाचे आधुनिक तंत्र, पर्ट, 1958 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात जन्मले आणि त्याच्या यशाची कीर्ती जगभर गेली. पुढे हार्वे सॅपोल्स्की यांनी त्या प्रकल्पाचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी त्या तक्त्यांचा फारसा आधार घेतलाच नव्हता. तक्त्यांचा खरा उपयोग झाला तो वॉशिंग्टनमधल्या, प्रकल्पाबाहेरच्या लोकांना दूर ठेवायला. भिंतीवर इतके सुंदर जाळे टांगलेले पाहून कोणी जास्त प्रश्न विचारत नसे. आपल्या आढावा बैठकांतल्या रंगीत स्लाइड बघताना मला हे नेहमी आठवते. या पुस्तकात जाळे-आराखड्याचे तंत्र नीट शिकवले आहे आणि विद्यार्थ्यांनी ते शिकावेच. फक्त तो आराखडा कोणासाठी काढतो आहोत, हे काढताना विसरू नये.

गोसेमध्ये अलीकडे एक बदल झाला तो व्यवस्थापनाच्या नजरेने लक्षणीय आहे. वितरिकांच्या खालचे जाळे उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालच्या बंदिस्त नलिकांचे करायचे ठरले. पाण्याची बचत हे त्याचे जाहीर कारण, पण मोठा लाभ जमिनीचा. नलिका पुरून वर पुन्हा नांगरता येते, त्यामुळे कायमचे संपादन टळते आणि तलाठ्याच्या दप्तरातून जाणारी ती वाट बरीच आखूड होते. अडचणी याही रचनेत आहेत. वैनगंगेच्या पाण्यात गाळ आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून या जलाशयात येते. जलपर्णी माजते. झडपेशी कोणीही रात्री छेडछाड करू शकतो. उघड्या चारीतली गळती दिसते, नलिकेतली दिसत नाही. शेवटच्या झडपेवर हक्क आणि जबाबदारी कोणाची हे ठरवण्यासाठी 2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आणि पाणी वापर संस्था आहेत. बहुतेक संस्था कागदावर कालव्यानंतर जन्माला येतात. त्या आधी जन्मल्या आणि वितरणाच्या आखणीला त्यांचे सभासद हजर असले तर कोणत्या बांधीला किती दाबाचे पाणी लागेल हे सांगायला सल्लागाराची गरज पडणार नाही.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात असलेल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले, गोसेचे 33 दरवाजे उघडले आणि भंडारा शहरापासून खाली गडचिरोलीपर्यंत वैनगंगेचा पूर पसरला. बांधकाम संपल्यावर प्रकल्प संपत नाही, त्याचे चालवणे दोन राज्यांच्या नियंत्रण कक्षांत रात्रंदिवस सुरू राहते. पुस्तकातले चालन आणि देखभालीचे प्रकरण म्हणूनच सर्वांत लांब आहे आणि ते कापू नये असा आग्रह मी धरला होता.

आता याच जलाशयातून पाणी उचलून सव्वाचारशे किलोमीटर पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत नेण्याच्या नदीजोड योजनेला राज्याने 2024 मध्ये मान्यता दिली आहे. वाटेत सहा जिल्हे आणि असंख्य गट क्रमांक लागतील. या पुस्तकाच्या वाचकांपैकी काही जण त्या कामावर नेमले जातील. त्यांनी पहिल्या दिवशी अंदाजपत्रक मागण्याआधी जमिनीची आणि झुडपी जंगलाची यादी मागावी. गोसेच्या कालव्यांची शेवटची टोके कुठे थांबली आहेत, हेही एकदा पवनी-लाखांदूरकडे जाऊन, जमल्यास रोवणीच्या दिवसांत, पायी फिरून पाहावे. लाखांदूरच्या शेतकऱ्याला त्याच्या बांधीत गोसेचे पाणी येते का, हे विचारायला कोणाच्या सुप्रमाची गरज नाही.